छत्तीसपैकी सतरा

माझ्या सीटची उंची दोन बोटं वाढलेली होती.

सीट म्हणजे मागची. आमची जोडसायकल आहे, एकाच सांगाड्यावर पुढेमागे बसून दोघांनी चालवायची. पुढे माझी बायको ऋजुता बसते, कारण मला रस्त्यापेक्षा झाडावरचे धनेश पक्षी जास्त दिसतात आणि पहिल्याच महिन्यात मी आम्हा दोघांना दोनदा घाणेरीच्या जाळीत नेऊन घातलं होतं. तेव्हापासून हँडल तिच्याकडे आणि मागची सीट माझ्याकडे. एकोणीस वर्षं. सीटच्या दांडीवर माझ्या उंचीची खूण मी स्वतः कानशीने घासून केली आहे. त्या रविवारी सकाळी मी सवयीने टांग टाकली, तर पाय पेडलपर्यंत नीट पोचेनात. उतरून पाहिलं. खूण पकडीच्या वर आलेली, चांगली दोन बोटं.

"गुरुवारी श्रीधरसाठी वर घेतली होती," ऋजुता हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली. "खाली करायची राहून गेली."

राहून गेली. मी पाना काढला, सीट खाली घेतली आणि गरजेपेक्षा जास्तच घट्ट आवळली. तिने ते पाहिलं. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, चार बुकं शिकलेला आहे, आणि एका दृष्टी गेलेल्या माणसावर जळत होतो. हे कोणाला सांगायची सोय नव्हती, त्यामुळे ते आतल्या आत आणखीच रटरटत होतं.

आमचं तिळवणी कोल्हापूरच्या पश्चिमेला, जिथे डोंगर दाटीने उभे राहायला लागतात तिथे आहे. नवा महामार्ग पलीकडच्या खोऱ्यातून गेला तेव्हा तिळवणी धरणाच्या पाण्याभोवतीचा सव्वीस किलोमीटरचा जुना रस्ता रिकामा पडला, आणि काठच्या गावांनी मिळून ठराव केला की आता इथे इंजिनाला बंदी. सायकली, चालणारी माणसं आणि म्हशी, एवढ्यांनाच वाट. सुटीच्या दिवशी शहरातून लोक नुसते फेरी मारायला येतात. हॉर्न ऐकू येत नाही म्हणून सुरुवातीला बावचळतात, मग हळूहळू एकमेकांशी बोलायला लागतात. बांधाच्या टोकाला फाटक आहे, तिथे सायकली मिळतात. शेजारी एक चहाची टपरी आणि तिला लागून माझी कार्यशाळा.

मी निनाद सरनोबत. पक्षाघाताने पाय गेलेल्या लोकांना पुन्हा पाय चालवायला शिकवणारं यंत्र मी बनवतो. त्याचं नाव गिरवणी. लहानपणी बाईंनी पाटीवर काढून दिलेलं अक्षर आपण गिरवायचो, तसंच हे. निरोगी माणसाच्या पायाची चाल नोंदवून घ्यायची, मग पेडलमधली छोटी मोटर तीच चाल आजारी पायाखाली हलकेच फिरवत राहते आणि पाय ती गिरवतो. आपल्या कण्यात मज्जापेशींची अशी जाळी असतात की चालणं, पेडल मारणं असल्या ठेक्याच्या हालचाली ती मेंदूला फारसं न विचारताच उरकतात. त्यांना शब्दांनी काही शिकवता येत नाही, फक्त पुन्हा पुन्हा करून घेता येतं. तीन महिने रोज गिरवलं की ती चाल त्या पायाची होते. एकच भान ठेवावं लागतं. नवी चाल बसली की जुनी पुसली जाते. ज्याची जुनी चाल मोडलेलीच आहे त्याचं त्यात काही जात नाही. म्हणून धडधाकट माणसाने गिरवणीवर बसू नये, अशी सूचना माझ्याच हस्ताक्षरात कार्यशाळेच्या भिंतीवर लावलेली आहे.

जोडमापक त्यातूनच निघाला, आणि तो मी गंमत म्हणून केला. पेडल मारताना पाय प्रत्येक क्षणी सारखा जोर लावत नाही. कुठे दाबतो, कुठे सोडतो, वरच्या टोकाला किती रेंगाळतो, हे प्रत्येकाचं निराळं असतं, सहीसारखं. त्या जोराने पेडलचा धातू डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो आणि तेवढ्यावरून त्यातले संवेदक जोराचा आलेख काढतात. जोडसायकलवर दोघांची पेडलं एका साखळीने बांधलेली असतात, त्यामुळे एकाचा जोर दुसऱ्याच्या पायाला कळतो. एकाच तुळईवर दोन लंबकाची घड्याळं टांगली तर ती तुळईतून एकमेकांना हलवत राहतात आणि काही वेळाने त्यांचा ठेका जमतो, हे शास्त्रज्ञांना शेकडो वर्षांपासून माहीत आहे. सायकलवर तुळईचं काम साखळी करते. माझा मापक दोघांचे आलेख एकमेकांवर ठेवतो आणि ते किती सारखे आहेत त्याचा आकडा फेरी संपल्यावर हँडलवर दाखवतो.

आकडा शंभरपैकी ठेवला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. मी छत्तीसपैकी ठेवला. पत्रिकेत छत्तीस गुण असतात आणि अठराच्या खाली लग्न जमत नाही, त्याची थट्टा म्हणून.

थट्टा कोणालाच कळली नाही. दोन महिन्यांत लोक स्थळं घेऊन धरणावर यायला लागले. आधी फेरी, मग कांदेपोहे. मुलगा पुढे, मुलगी मागे आणि त्यांच्या मागून दोन्हीकडचे मामा भाड्याच्या सायकलींवर धापा टाकत. एका मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की मुलीला मंगळ आहे, तर टायरमध्ये हवा जरा कमी ठेवली तर चालेल का. मी अशा सगळ्यांना हसायचो. हा फक्त पायांचा आकडा आहे हो, असं मी शंभर जणांना तरी सांगितलं असेल. स्वतःला मात्र एकदाही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत ऋजुताने आणि मी मापक लावून फेरी केली. सतरा आले. छत्तीसपैकी सतरा, म्हणजे नापास, तेही एका गुणाने. ऋजुता पोट धरून हसली. "पंचवीस वर्षांपूर्वी हे यंत्र असतं तर वाचले असते," म्हणाली. मीही हसलो. मार्चमध्ये तिने श्रीधर हुपरीकरांबरोबर फेरी केली आणि घरी येऊन सहज सांगितलं की चौतीस पडले. मी हसलो नाही.

हुपरीकर दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहेत. दहा वर्षांपूर्वी आजारात दृष्टी गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता नोकरीही जाणार. पण हा माणूस कॅनचं झाकण उघडताच नुसत्या वासावरून सांगतो की दूध कुठल्या गावचं, म्हशीने काय खाल्लंय आणि कॅन किती वेळ उन्हात राहिलाय. दर गुरुवारी दृष्टी नसलेल्यांना फेरी घडवायची अशी रस्ता समितीची योजना आहे. पुढे डोळस माणूस, मागे ते. ऋजुता शाळेत भूगोल शिकवते, गुरुवारी दुपारी तिला तास नसतात, म्हणून तिने नाव दिलं. सायकल आमचीच. ऋजुताच्या तोंडी आधी ते हुपरीकर होते, मग श्रीधर झाले, आणि त्यांचं 'ते' जाऊन 'तो' कधी झालं ते मला कळलंसुद्धा नाही.

सीटच्या त्या प्रकरणानंतरच्या गुरुवारी मी मुद्दाम टपरीवर जाऊन बसलो. फेरी संपवून दोघं आले. ऋजुता सायकल लावायला गेली आणि हुपरीकर काठी टेकत बाकापाशी आले. उंच माणूस, पांढरा स्वच्छ शर्ट, चेहऱ्यावर फेरीचा घाम आणि असं समाधान की मला बघवेना.

"सायेब, आज डावा पाय ओढताय जरा," मी उठून त्यांना जागा देत होतो तेवढ्यात ते म्हणाले. "चपलेचा अंगठा सैल झालाय काय?"

झाला होता. माझी चालच तशी आहे, डावा अंगठा महिन्याभरात सैल होतो. मी ते कबूल केलं नाही.

"चौतीस गुण कसे काय पडतात हो तुम्हाला?" मी हसत विचारलं. हसणं त्यांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने हसलो.

"मला कुठलं काय येतंय सायेब. वैनी दाबत्यात तवा दाबायचं, वैनी सोडत्यात तवा सोडायचं. पायाला पाय सांगतोय की. मला म्होरलं दिसत न्हाई, मग म्होरच्याचं ऐकायचं, एवढंच."

"मीपण मागेच बसतो."

"तुमाला दिसतंय नव्हं," ते म्हणाले आणि बशीतला चहा फुंकू लागले.

मला तो टोमणा वाटला. घरी जाईपर्यंत तो मी पन्नास वेळा मनात घोळवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यशाळेत कोणी नव्हतं. मी दोन्ही फेऱ्यांचे आलेख काढून शेजारी शेजारी लावले. माझ्या आणि ऋजुताच्या रेघा सगळीकडेच जरा मागेपुढे होत्या, तिने सोडलं की मी दाबायचो, तिने दाबलं की माझं संपलेलं. पण एकविसाव्या किलोमीटरला, कावळकड्याच्या चढावर, जे दिसलं ते पाहून मी खुर्ची पुढे ओढली. तिथे माझी रेघ उंच गेलेली आणि ऋजुताची तळाला टेकलेली. तीनशे मीटर तिने जोर लावलाच नव्हता. पाय पेडलबरोबर नुसते फिरत होते. हुपरीकरांबरोबरच्या आलेखात त्याच चढावर तिची रेघ वर आणि त्यांचीही वर, चढ संपेपर्यंत एकमेकींना सोडायला तयार नसलेल्या.

म्हणजे माझ्याबरोबर चढ आला की ही बाई पाय सोडून देते, आणि त्याच्याबरोबर जीव तोडून मारते. एकोणीस वर्षं मी तिला त्या कड्यावरून वाहून नेत होतो आणि तिला मेहनत करावीशी वाटली ती दुसऱ्यासाठी. लोक म्हणतात मत्सराने छातीत जळतं. माझ्या पोटऱ्या जळत होत्या.

मी तिला विचारायला हवं होतं. एवढं साधं होतं ते. पण विचारलं असतं तर मी आलेख चोरून बघितला हे कळलं असतं, आणि शिवाय तिने खरं उत्तर दिलं असतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी, वाटाणे सोलता सोलता, तिने दसऱ्याचा विषय काढला. दसऱ्याला आमच्या भागातल्या सगळ्या जोडसायकली सीमोल्लंघनाची फेरी करतात. पाण्याला पूर्ण वळसा घालून बांधावर परत यायचं आणि तिथे एकमेकांना आपट्याची पानं द्यायची. रस्ता मोकळा झाला त्या वर्षापासून आमची एकही फेरी चुकली नव्हती.

"यंदा दसऱ्याला मी श्रीधरला घेऊन जाऊ का रे? दृष्टी गेल्यापासून त्याने सीमोल्लंघन केलेलं नाही म्हणे. कोण नेणार त्याला?"

"ने की," मी म्हणालो. "मला काय."

"तुला चालेल ना पण?"

"न चालायला काय झालं? सतरावाल्याला घरी ठेवायचं आणि चौतीसवाल्याला न्यायचं, हे शास्त्राला धरूनच आहे."

तिने सोललेला वाटाणा भांड्यात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. "तो तुझाच आकडा आहे, निनाद. मी नाही काढला."

"पावसाळ्यानंतर रस्ता पुन्हा उघडेल तेव्हाची पहिली फेरी माझ्याबरोबर कर," मी म्हणालो. "मग दसऱ्याचं ठरव."

"बरं," ती म्हणाली.

पावसाळ्यात दरडी येतात म्हणून रस्ता जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत बंद असतो. मला साडेतीन महिने मिळाले. त्या पहिल्या फेरीला चौतीसपेक्षा एक तरी गुण जास्त पाडायचा आणि माझी सीट परत मिळवायची, एवढंच मी डोक्यात घेतलं. हुपरीकरांच्या पायाची चाल माझ्याकडे होतीच. नुसती चालच नाही, पुढचा पाय दाबतो तेव्हा त्यांचा पाय काय करतो आणि सोडतो तेव्हा काय करतो, ते सगळं साखळीतून नोंदलेलं होतं. मी ते गिरवणीत भरलं. भिंतीवरची माझीच सूचना माझ्या डोक्याच्या बरोबर वर होती. मी तिला पाठ करून बसलो.

रोज दुपारी दीड तास. पहिला महिनाभर यंत्र माझ्या पायांशी भांडत राहिलं. मी दाबायला जावं तर पेडल सांगे, थांब, पुढच्याने अजून दाबलेलं नाही. दुसऱ्या महिन्यात भांडण मिटलं. तिसऱ्या महिन्यात मोटर बंद केली तरी पाय तसेच चालायला लागले. डाव्या चपलेचा अंगठा सैल होणं बंद झालं. जिना चढताना ऋजुता पुढे असली की ती थांबली रे थांबली की माझेही पाय पायरीवर थांबत.

"हल्ली माझ्या मागे मागे काय चालतोस?" ती एकदा म्हणाली.

मला ते ऐकून आनंद झाला.

मधल्या काळात हुपरीकरांचा तिला फोन येई. ती फोनवर हसायची, आणि मी शेजारच्या खोलीत ते हसणं किती वेळ चाललं ते मोजायचो. एकदा त्यांनी कोणाबरोबर तरी चीक पाठवला. ऋजुताने त्याचा खरवस केला, वर जायफळ घातलं. खरवस मी सगळ्यांत जास्त खाल्ला. मत्सराने भूक जाते म्हणतात, तसा माझा अनुभव नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी फाटक उघडलं. सगळे डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळे झाले होते आणि पाणी काठोकाठ होतं. समितीने गुरुवारच्या लोकांनाही त्या दिवशी बोलावलं होतं, त्यामुळे हुपरीकर टपरीच्या बाकावर बसलेले. मी सायकल ढकलत त्यांच्यासमोरून गेलो. त्यांनी मान वळवली.

"कोण हाय?"

"मी. सरनोबत."

"सायेब तुम्ही?" ते म्हणाले. "चाल वळखीची वाटली. पण तुमची न्हवं वाटली. कुणाची म्हणावं, सुचंना बघा."

माझ्या अंगावर काटा आला. मग मनात आलं, जमलं आपल्याला.

आणि खरंच जमलं होतं. सायकल चालली आहे असं वाटतच नव्हतं. ऋजुता दाबायची आणि माझा पाय त्याच क्षणी दाबायचा, ती सोडायची आणि माझा सुटायचा. साखळीत एक साधा धक्का नाही. दहाव्या किलोमीटरला ती मागे न बघता म्हणाली, "काय केलंस रे? आज हवेत चाललोय आपण." तिच्या आवाजात असा आनंद होता की माझे डोळे भरून आले. धनेशाची जोडी आमच्या डोक्यावरून गेली, पंखांचा आवाजही आला, पण मी वर पाहिलं नाही. माझं सगळं लक्ष तिच्या पायांकडे होतं. चौतीस काय, छत्तीससुद्धा पडतील, असं वाटायला लागलं.

मग कावळकडा आला. तिथे रस्ता खडकात कोरून काढलाय. उजवीकडे डोंगर, डावीकडे मोडका कठडा आणि त्याच्या खाली सरळ पाणी, काळं, खोल. चढ लागला आणि कठडा संपला त्या क्षणी ऋजुताचे पाय सुटले.

माझेही सुटले.

सायकल स्वतःच्या वेगाने जेमतेम चार हात गेली, डुगडुगली आणि थांबली. आम्ही दोघांनी डोंगराच्या बाजूला पाय टेकले. हँडलवरची ऋजुताची बोटं पांढरी पडली होती.

"निनाद, मार ना," ती म्हणाली. आवाज बारीक झालेला.

मी मारायला गेलो. मनापासून गेलो. पाय पेडलवर ठेवला आणि तो तिच्या पायाची वाट बघत बसला.

"काय झालं? दुखतंय का तुला कुठे?"

"नाही. तू सोडलेस म्हणून..."

"मी इथे सोडतेच. नेहमीच सोडते." ती अजूनही पुढच्या चाकाकडेच बघत होती. "खाली पाणी दिसलं की माझ्या पायांतलं त्राणच जातं. पहिल्या वर्षापासून. हँडल सरळ धरायचं आणि चाकाकडे बघायचं, एवढंच जमतं मला इथे. बाकी तूच नेतोस."

"कधी बोलली नाहीस."

"बोलायचं काय त्यात? मी सोडले की तू मारायचास. एकदाही विचारलं नाहीस, की का सोडलेस. मला वाटलं तुला माहीत आहे." मग म्हणाली, "मला ते फार आवडायचं, तुझं न विचारणं."

मला काहीच माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं मी तिथे मारत होतो कारण सायकल जड झाली की माणूस मारतो. पण ते मी तिला सांगितलं नाही. मी त्याऐवजी जे साडेचार महिने घशात अडकलं होतं तेच बोललो.

"हुपरीकरांबरोबर मारतेस की इथे."

"म्हणजे तू आलेख बघितलास." तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "मारते. मी सोडले तर तोही सोडेल आणि आम्ही असेच इथे थांबू, हे असं. त्याची जबाबदारी माझ्यावर असते रे, तिथे मला भ्यायची सोय नाही. घरी येते तेव्हा मांड्या थरथरत असतात. पण मला बरं वाटतं. बावन्नाव्या वर्षी आपण हा चढ न भिता चढलो, याचं बरं वाटतं. आणि रविवारी तुझ्याबरोबर भ्यायची सोय होती, म्हणून गुरुवारचं जमत होतं."

होती, म्हणाली. भूगोल शिकवणारी बाई आहे, उगाच काही बोलत नाही.

मग मी तिला गिरवणीचं सगळं सांगितलं. कुणाची चाल भरली, किती दिवस, कशासाठी. एक म्हैस आमच्याकडे बघत शेजारून निघून गेली.

"म्हणजे मी आज कोणाला घेऊन आलेय?" ऋजुताने विचारलं.

ती खाली उतरली, सायकलच्या डोंगराकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि आम्ही कावळकडा चालत ओलांडला. पाण्याच्या बाजूने मी चाललो, तेवढं तरी मला सुचलं. पुढचे पाच किलोमीटर पुन्हा सायकलवर, पुन्हा हवेतून चालल्यासारखे.

फाटकापाशी हँडलवर आकडा उमटला. पस्तीस. एका मुलाच्या फेरीसाठी थांबलेलं मोठं कुटुंब तिथे उभं होतं. त्यांनी आकडा वाचला आणि टाळ्या वाजवल्या. मुलाची आई ऋजुताला म्हणाली, "नशीब काढलंत बाई, असा जोडीदार मिळायला भाग्य लागतं." ऋजुताने त्यांना नमस्कार केला.

दसऱ्याला ती हुपरीकरांना घेऊन गेली. सकाळी सीट मी स्वतः दोन बोटं वर घेतली. संध्याकाळच्या आधी ते दोघं बांधावर परत आले तेव्हा मी हुपरीकरांच्या हातात आपट्याची पानं ठेवली. त्यांनी ती हुंगली आणि म्हणाले, "सोनं ताजं हाय सायेब, आजच सकाळी तोडल्यालं." मी हसलो, आणि या वेळी ते त्यांना ऐकवण्यासाठी नव्हतं. त्यांच्याबद्दल आता माझ्या मनात काही राहिलेलं नाही. त्यांनी माझं काहीही घेतलेलं नव्हतं, जे घेतलं ते मीच त्यांच्याकडून घेतलं.

पण मत्सर गेला असं कोणी समजू नये. फक्त माणूस बदलला. आता मी ज्याच्यावर जळतो तो फेब्रुवारीतला एक इसम आहे, डावा पाय ओढत चालणारा, धनेश बघत मान वर करून पेडल मारणारा, बायको कधी भिते ते न कळताही तिला बरोबर पार नेणारा. त्याला काही माहीत नव्हतं आणि त्याच्याकडे सगळं होतं. त्याच्या पायांची एकच नोंद माझ्याकडे आहे, सतरा गुणांच्या फेरीची. ती मी गिरवणीत भरली आहे. रोज दुपारी दीड तास मी त्याच्यावर दात खात त्याला गिरवतो. पाठ केलेली चाल पुसणं फार कठीण जातं, हे मला आता रोग्यांना जास्त समजुतीने सांगता येतं.

गुरुवारी ऋजुता हुपरीकरांबरोबर जाते, रविवारी माझ्याबरोबर. घरी परत आली की सीट आठवणीने खुणेवर आणून ठेवते. कावळकड्यावर ती आता पाय सोडत नाही. कठडा संपला की तिची पाठ ताठ होते, मला मागून दिसते, आणि ती मारत राहते. सोड, मी नेतो, असं मी म्हणत नाही. मागितल्याने मिळणारी ती गोष्ट नाही.

परवाच्या रविवारी मात्र चढाच्या मध्यावर पेडल अचानक जड झालं. तिने सोडले होते. माझा पाय दचकला, थांबला, आणि मग कसा कोण जाणे, त्याने दाबलं. एक अर्धा फेरा असेल. लगेच तिचे पाय परत आले. का सोडलेस, ते मी विचारलं नाही.

घरी येऊन आकडा पाहिला. सव्वीस. सतरा अजून बरेच लांब आहेत.